दातातली राख

नव्वदच्या आसपास जळगावात मी चिनी मातीचे दात बनवायचो. धंदा सभ्य, पण लग्नाच्या बाजारात त्याला भाव नव्हता. "मुलगा काय करतो?" "दात भाजतो." एवढ्यावर स्थळं चहा अर्धा ठेवून उठायची.

अशात एक मुलगी मला मनापासून आवडली, आणि तिच्या वडिलांचा पुढचा दात तुटलेला होता. म्हटलं, देव पावला! या आबांची चाळीसगावकडे वीटभट्टी. त्यांनी अटच घातली: आधी दात, तो पसंत पडला तर पोरगी.

दातांच्या डॉक्टरांकडून माप आलं, त्यामागोमाग आबाच आले, कागदात भट्टीची राख बांधून.

"वीटनी माती, दातनी माती, बठ्ठी सारखीच ऱ्हास," ते म्हणाले. "राख टाक्याशिवाय वीट पक्की व्हस नही. दातमा बी टाक."

मी समजावून पाहिलं. आबा, दाताच्या या पावडरीत आधीच ॲल्युमिनाचे कण असतात, ते तडा पुढे सरकू देत नाहीत. कमी आचेवर वितळणारे क्षार असतात, ते कणाला कण धरून ठेवतात. पण जास्त झाले तर दात भट्टीतच ओघळतो. राखेतला कोळसा मात्र जळून आत फुगे करेल. आबांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"मंग राख कव्हय टाकशी?"

मुलीचा चेहरा आठवून मी चिमूटभर टाकली. भट्टीतून निघाला तो करडा, पुटकुळ्या आलेला प्रकार. सोबत बिनराखेचा एक पांढराशुभ्र दातही मी भाजला होता. आबांनी दोन्ही नखाने वाजवले आणि करडा उचलला. डॉक्टरांनी कपाळाला हात लावून तो बसवला.

बोलणीच्या दिवशी वरण-बट्टीचा बेत होता. बट्टी म्हणजे कणकेचा टणक गोळा, तो चुरून खातात. पण आबांनी सगळ्या भावकीकडे एकदा पाहिलं, अख्खी बट्टी उचलली आणि पुढच्या दाताने चावली. कट्ट! दाताचा टवका बट्टीत रुतून बसला. ही मुलगी आता काही आपल्याला मिळत नाही, या विचाराने रडूच यायला लागलं.

आबांनी टवका उजेडाकडे धरून नीट पाहिला.

"राख कमी पडनी," ते भावकीला म्हणाले. "मी सांगेल व्हतं त्याले." मग माझ्याकडे वळले. "पुढला दात जवाईच करी. तारीख काढा रे!"

"हो आबा," मी म्हणालो, "जरा हातच आखडता घेतला मी."