दोन्ही हातांनी

काकू उठल्या. मी भरून दिलेला पेला घेऊन सिंकपाशी गेल्या आणि त्यातला चहा ओतून दिला. मग पेला घासला. साबण लावून. आतून घासला, बाहेरून घासला, बुडाखाली घासला. ऑपरेशनला निघालेला सर्जन हात इतके धूत नसेल. टेक्सासातल्या आमच्या फ्रिस्कोला पाणी पुरवणारं अख्खं तळं त्या एका पेल्यावर आटणार, असं मला वाटायला लागलं. मग त्यांनी फ्रिजमधलं पाणी त्याच पेल्यात घेतलं, उभ्याउभ्या प्यायल्या, ओढणीनं तोंड टिपलं आणि परत येऊन माझ्यापासून एक खुर्ची सोडून बसल्या.

टेबलाभोवती सगळे होते. मंदारदादा, म्हणजे माझा मॅनेजर आणि या काकूंचा मुलगा. त्याची बायको मुग्धावहिनी. आमच्या टीममधला नागपूरचा निखिल. आणि टीममधलीच सूजिन. कोणीच काही पाहिलं नाही. म्हणजे सगळ्यांनी पाहिलं.

बोलली फक्त सूजिन. इंग्रजीत, अगदी हळू.

"पेला अस्वच्छ होता का? सॉरी. मी घरून धुऊनच आणले होते."

"नो, नो!" मंदारदादा हसला. "आईचा घसा नाजूक आहे. तिला चहा सोसत नाही."

घसा नाजूक, म्हणून फ्रिजमधलं गार पाणी. वा.

हे सगळं चाललं होतं बुसानसाठी. कोरियातलं समुद्राकाठचं शहर. तिथल्या एका कंपनीच्या कंटेनरचा हिशेब ठेवणारं सॉफ्टवेअर आमची टीम लिहिते. त्यातला अवघड भाग माझा. किती अवघड, तर तो चालला नाही तर सगळ्या प्रशांत महासागरातली केळी चुकीच्या देशात पिकतील. बरं, थोडं कमी. पण माझा आहे. तो दाखवायला आम्ही बुसानला जाणार होतो. डेमो झाला की संध्याकाळी त्या कंपनीच्या साहेबांचं जेवण. मंदारदादा काकूंना भारतात सोडायला त्याच वाटेनं नेणार होता. साहेबांना ते कळल्यावर त्यांनी आवर्जून निरोप पाठवला, आईंना घेऊनच या, थोरलं माणूस टेबलाची शोभा असतं.

म्हणून रविवारी दुपारी मंदारदादाच्या घरी ही रंगीत तालीम. शिकवणार सूजिन. ती वाढली इथे टेक्सासात, पण आईवडील बुसानचे आणि उन्हाळ्याची सुट्टी दरवर्षी तिकडे आजीकडे. आजीचे स्टीलचे पेले आणि जवाचा चहा ती घरून घेऊन आली होती. पेले पाहून काकू हरखल्या. "अगं बाई, हे तर आपलेच!"

सूजिन सांगत गेली, आम्ही ऐकत गेलो. बुसानच्या मेट्रोत म्हाताऱ्यांच्या राखीव जागा रिकाम्या असल्या तरी बसायचं नाही. पाय गळून खाली पडले तर ते उचलून हातात धरायचे, पण बसायचं नाही. गुलाबी सीट गरोदर बायकांची. डब्यात फोनवर मोठ्यानं बोललात तर समोरच्या आज्या अशा बघतात की फोन स्वतःहून बंद पडतो. हे शेवटचं तिचं नाही, माझं. हॉटेलात टीप ठेवायची नाही, पैसे विसरलात म्हणून पोरगा ते परत द्यायला मागे पळत येतो. घरात शिरताना बूट बाहेर. भातात चॉपस्टिक उभ्या खुपसायच्या नाहीत, ती मेलेल्यांची रीत. थोरल्यानं चमचा उचलल्याशिवाय धाकट्यानं उचलायचा नाही.

"बघा," काकू म्हणाल्या, "किती संस्कारी माणसं. नाहीतर हे अमेरिकन."

"आणि पहिल्याच भेटीत तुमचं वय विचारतील," सूजिन म्हणाली. "राग मानू नका. तुमच्याशी कोणत्या भाषेत बोलायचं, आदराच्या की बरोबरीच्या, ते त्यावरून ठरतं."

निखिल म्हणाला, "आपल्याकडे वय नाही, आडनाव विचारतात यार." आणि स्वतःच हसला. मी पण हसले. मी नेहमीच हसते. टीममधली सगळ्यात मोठ्यानं हसणारी मी.

माझं आडनाव 'कर'वर संपतं. गावाच्या नावावरून आलेलं. असलं आडनाव पाच-सहा जातींत खपतं आणि त्यामुळे लोकांची झोप उडते. फ्रिस्कोत मराठी घरी जेवायला गेलं की वरण वाढायच्या आत पहिला प्रश्न येतो. मूळचे कुठले? मग दुसरा. कुलदैवत कोणतं? वर्षानुवर्षं मी काय काय ठोकून दिलंय! एका घरी सांगितलं, पणजोबा राजाच्या हत्तीला गाणं शिकवायचे. दुसरीकडे सांगितलं, आमचं दैवत इतकं कडक आहे की नाव घेतलं तर गावाची वीज जाते, आणि इथली गेली तर बिल तुमच्या नावावर येईल. लोक पोट धरून हसायचे. हसताना माणूस पुढचं विचारायला विसरतो. मी सुटायचे. पार्किंगमध्ये येऊन गाडीत बसायचे आणि स्टिअरिंगवर डोकं टेकायचे. दमून. बारा एकर नांगरल्यासारखी.

त्या दुपारी, चहाच्या आधी, काकूंनी मला स्वयंपाकघरात गाठलं. मी चिवड्याचा बाऊल भरत होते.

"आडनावावरून कळत नाही गं. म्हणजे तुम्ही नेमके कोण?"

हत्ती तयार होता. पणजोबा तयार होते. पण आठवडाभर डेमोसाठी राबले होते आणि थापा मारायलासुद्धा अंगात जोर लागतो. तो नव्हता.

"बौद्ध आहोत आम्ही, काकू. घर गावाबाहेर. आधीपासून."

"हो का? बरं बरं," काकू म्हणाल्या. "आम्ही नाही हं मानत असलं काही." आणि माझ्या हातातला बाऊल तसाच राहू देऊन त्यांनी डब्यातून दुसरा भरायला घेतला.

मग आम्ही टेबलाभोवती बसलो. सूजिननं मुख्य रीत दाखवली. आपला पेला आपण भरायचा नाही. शेजारच्याचा भरायचा, तो आपला भरतो. ओतताना किटली उजव्या हातात आणि डावा हात उजव्या मनगटाखाली. घेणाऱ्यानंही पेला दोन्ही हातांनी धरायचा. "एका हातानं दिलं तर समोरच्याला वाटतं, मला टाकून दिलं," ती म्हणाली. "टीममधल्या सगळ्यात धाकट्यानं सगळ्यात थोरल्यापासून सुरुवात करायची."

सगळ्यात धाकटी मी. सगळ्यात थोरल्या काकू. मी उठले, मनगटाखाली हात धरला, कंबरेत वाकले आणि चहा ओतला. एक थेंब सांडला नाही.

पुढचं तुम्हाला माहीत आहे.

पेल्यावर साबण फिरत होता तेव्हा मी फ्रिस्कोत नव्हते. मी शाळेत होते. माठाला आम्ही हात लावायचा नाही, हे कोणी सांगावं लागत नव्हतं. वर्गातली एक मुलगी वरून ओतायची आणि मी खाली ओंजळ धरायचे. तिचा एक हात. तोही वितीएवढा वर. पाणी अर्धं तोंडात, अर्धं कोपरावरून फ्रॉकच्या बाहीत. गंमत म्हणजे ती माझी मैत्रीण होती. ओतता ओतता गप्पा मारायची. काल रात्री काय खाल्लंस, तुझी रिबीन छान आहे. माझं तोंड पाण्यानं भरलेलं, म्हणून मी मान हलवायचे. दोन्ही हातांनी घ्यायला मला कोणी बुसानहून येऊन शिकवायची गरज नव्हती. मी त्यात सुवर्णपदक घेतलं असतं. मला नवीन होतं ते एवढंच, की देणाऱ्यालाही दुसरा हात असतो.

मंदारदादानं मला गॅरेजमध्ये बोलावलं. घरात चार बेडरूम, बोलायला जागा गॅरेजमध्ये. पेपर टॉवेलच्या छतापर्यंतच्या थप्प्या, मध्ये आम्ही दोघं.

"मनाला लावून घेऊ नकोस गं. आई त्या जनरेशनची आहे."

"कुठल्या?"

"अगं म्हणजे, तुला माहितीय." त्यानं कपाळ चोळलं. तो वाईट माणूस नाही. माझं ग्रीनकार्ड अडकलं तेव्हा वकिलाच्या मागे तोच लागला होता. म्हणूनच तर दादा. "बघ, बुसानच्या जेवणाला आई असणार. तिचं वय, तिचा बीपी. त्या संध्याकाळी तू हॉटेलवर बसून डेमोचं बॅकअप सांभाळशील का? तसंही ती डिनर्स बोरिंगच असतात."

"डेमो सकाळी आहे, दादा. संध्याकाळी संपलेला असेल."

"तरी."

बस, एवढंच. तरी. माझ्या जागी जेवणाला कोण, हे विचारायचंसुद्धा मला सुचलं नाही. मी काय म्हणाले माहीत आहे? "बघते," म्हणाले. सवय. ओंजळ आपोआप पुढे आली. खोटं कशाला सांगू, मी त्या संध्याकाळी हॉटेलवर बसलेच असते. पुढच्या पार्टीत त्याचा किस्सासुद्धा केला असता, की बुसानच्या हॉटेलात मी एकटीनं अख्खा ऑक्टोपस कसा संपवला.

मग मी आत आले आणि सूजिन दिसली.

ती सिंकपाशी उभी होती. बाह्या वर सारलेल्या. आजीचे सगळे पेले एकेक करून घासत होती. घासलेला उजेडात धरायची, बघायची, परत घासायची. मान खाली. कानाच्या पाळ्या लाल. मुग्धावहिनी बाजूला उभी राहून म्हणत होती, "इट्स ओके, रिअली, इट्स ओके." काकू सोफ्यावर बसून व्हिडिओ कॉलवर पुण्याला फ्रिस्कोची हवा सांगत होत्या.

माझ्या वाटचा अपमान त्या पोरीच्या अंगावर गेला होता. आणि ती तो घासत बसली होती. तो डाग जाणार नव्हता, कारण तिच्या पेल्यावर तो नव्हताच.

स्वतःसाठी मी कदाचित कधीच तोंड उघडलं नसतं. हे लिहिताना बरं वाटत नाही. पण तसंच आहे.

"सूजिन, ठेव ते," मी म्हणाले. इंग्रजीत, सगळ्यांना कळेल अशा आवाजात. माझा आवाज मोठाच आहे. "तुझे पेले स्वच्छ होते. तो चहा मी ओतला म्हणून त्यांनी पेला धुतला. मी ज्या जातीत जन्मले, तिच्या हातचं त्यांना चालत नाही."

नळ चालू होता. कोणी बंद केला नाही.

"अगं, काय हे," मंदारदादा दारातून म्हणाला. मराठीत. "घरातल्या गोष्टी बाहेरच्यांसमोर?"

"मी घरातली कधी झाले?"

काकूंनी फोन पालथा ठेवला. "मी काय केलं गं हिला? पेला तर धुतला! पेला धुणं गुन्हा आहे का आता अमेरिकेत?"

निखिल चिवडा खात होता. अजून खात होता.

सूजिननं नळ बंद केला. माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, मिठी मारेल, रडेल, काहीतरी अमेरिकन करेल. ती म्हणाली, "तू इतकी वर्षं आम्हाला हत्तीच्या गोष्टी सांगत होतीस."

"हो."

"मी त्या माझ्या आजीला पण सांगितल्या आहेत."

तिनं पेले पुसले, एकेक कागदात गुंडाळले आणि ती गेली. मी पण पर्स उचलली. मागून मंदारदादा म्हणाला, "अगं, चहा तरी घेऊन जा." एका हातात थर्मास. दुसरा हात खिशात.

मी वळून त्या खिशाकडे बघितलं. "नको, मंदार," म्हणाले. नावातला दादा गळून पडला. उचलायला वाकले नाही.

गाडीत बसले. स्टिअरिंगवर डोकं टेकलं नाही. तिथूनच त्याला मेसेज केला. बुसानच्या जेवणाला मी येणार आहे. हॉटेलवर बसणार नाही. त्यानं वाचला. उत्तर आलं नाही. अजून आलेलं नाही. आल्यानं काही बदलणार नाही, तिकीट माझ्या नावावर आहे आणि डेमो माझ्या डोक्यात.

मी दमलेली आहे, हे खरं. बुसानला पण दमलेलीच जाईन. साहेब वय विचारतील, ते खरं सांगेन. हत्ती सांगणार नाही. थोरल्यांनी चमचा उचलला की उचलीन. आणि टीममधली सगळ्यात धाकटी म्हणून किटली माझ्याकडे येईल. तेव्हा उठेन, डावा हात मनगटाखाली धरेन आणि काकूंचा पेला पहिला भरीन. काकूंना तो धुवायला उठायचं असेल तर त्या भरल्या टेबलावरून, सगळ्यांच्या देखत उठतील. साहेब विचारतील, आईंना काय झालं? मंदार घशाचं काहीतरी सांगायला तोंड उघडेल.

त्याच्या आधी मी सांगणार आहे.