चकलीच्या डब्यात आईचं हृदय

आधी चहा संपवा, मग सांगते. मधेच ठसका लागला तर मी जबाबदार नाही. कंपन्यांच्या सिस्टीम हॅकरपासून वाचवणं हे माझं काम. गुडगावच्या ऑफिसात साधा पासवर्ड बदलायचा तरी लोक मला विचारतात. आणि या शहाणीने स्वतःच्या आईच्या जिवाशी काय खेळ मांडला, ते ऐका.

आईला पेसमेकर बसवला. छातीत, कातडीखाली, एवढंसं यंत्र. त्याच्या जोडीला पलंगाशेजारी ठेवायला हॉस्पिटलने एक छोटं मशीन दिलं. आई झोपली की ते पेसमेकरकडून हृदयाची खबरबात घेतं आणि हॉस्पिटलला कळवतं. आई त्याला 'चहाडखोर' म्हणायची.

सगळं छान चाललं होतं. मग ऑफिसात मला शरीरात बसवलेल्या चिप्सच्या सुरक्षिततेवर बोलायला सांगितलं. वाचत गेले आणि माझी झोपच उडाली. बिनतारी चालणाऱ्या वस्तूत लांबून कोणी शिरू शकतो, हे काय मला नवीन होतं? पण एरवी तिथे कुणाचातरी सर्व्हर असतो. बंद पडला तर परत चालू करता येतो. इथे माझी आई होती.

त्याच संध्याकाळी दिल्लीत मयूर विहारला घरी आले आणि मशीनची वायर काढली. आत बॅटरी असली तर? स्टीलमधून सिग्नल जात नाही, म्हणून दिवाळीनंतर रिकामा झालेला चकलीचा स्टीलचा डबा घेतला, मशीन त्यात घातलं आणि झाकण दाबून लावलं. शनिवारी नीट तपासायचं आणि मग परत लावायचं, असा बेत.

"अगं, डॉक्टरांनी बंद करू नका म्हणून सांगितलंय," आई म्हणाली.

"आई, हे माझं क्षेत्र आहे. यार, इतना तो भरोसा रख."

आईने भरोसा ठेवला. तिथेच चुकलं तिचं.

शनिवारी इथल्या मराठी मंडळाचा कार्यक्रम निघाला आणि मशीन डब्यातच राहिलं. सोमवारी अनोळखी नंबरवरून फोन. "मैडम, हॉस्पिटल से सिस्टर शीबा. आंटी का डेटा नहीं आ रहा. मशीन पर जो नंबर लिखा है, वो बताइए."

आता तुम्हीच सांगा, गोड आवाज, हॉस्पिटलचं नाव, घाई आणि वर नंबर मागणं. फसवणुकीची ही लक्षणं मीच तर लोकांना शिकवते. "बीमार लोगों को लूटते शर्म नहीं आती?" असं झापलं आणि नंबर ब्लॉक केला. दुसऱ्या नंबरवरून आला, तोही ब्लॉक. सोसायटीच्या ग्रुपवर सावधगिरीचा मेसेज टाकला, त्यावर भरपूर अंगठे आले. खाली गार्डला बजावलं, आईचं नाव घेऊन कोणीही आलं तर गेटवरच थांबवायचं.

आई मात्र त्या दिवसांत गप्प गप्प होती. मधेच ओट्याला धरून उभी राहायची. मी विचारलं नाही. मी हॅकर शोधत होते ना.

मंगळवारी संध्याकाळी गार्डचा फोन आला. "मैडम, एक औरत को पकड़ा है. आंटी का नाम ले रही है."

मी धावत खाली. मागून आईही लिफ्टने आली. गेटवर खांद्याला पिशवी लावलेली एक दमलेली बाई उभी होती. "मैं सिस्टर शीबा. यहीं मयूर विहार फेज थ्री में रहती हूँ, ड्यूटी से लौटते रुक गई. आप फोन ही नहीं उठातीं." तिने ओळखपत्र पुढे केलं.

"आजकल कार्ड कोई भी बना लेता है," मी म्हटलं.

वॉर्डात सगळ्यांच्या तोंडाला मास्क असायचा, त्यामुळे आईलाही चेहरा ओळखेना. तिने मला बाजूला सारलं आणि विचारलं, "बेटा, वॉर्ड में मैंने तुझे क्या खिलाया था?"

"बेसन का लड्डू, आंटी. तकिये के पीछे से निकाला था. आपने बोला था, बेटी को मत बताना, शुगर का बोलेगी."

"हीच ती," आई म्हणाली. ही माहिती जगातल्या कुठल्या हॅकरकडे नव्हती. माझ्याकडेही नव्हती.

वर आलो. सिस्टरने मशीन मागितलं. मी फळीवरून चकलीचा डबा काढला. तिने डब्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "मैडम, बंद होने से पहले वाली रात आंटी की धड़कन ठीक नहीं थी. डॉक्टर साहब तब से परेशान हैं. आंटी, चक्कर आता है?"

"थोड़ा आता है," आई म्हणाली.

"मला का नाही सांगितलंस?"

"तू नंबर ब्लॉक करत होतीस."

मी खाली फरशीवर बसले आणि रडले. सांगायला लाज कसली?

त्याच रात्री हॉस्पिटल गाठलं. डॉक्टरांनी पेसमेकरचं सेटिंग बदललं, औषध वाढवलं, आणि आई सावरली. अशा चिप्सना धोका असतो हे खोटं नाही, ऑफिसात मी आजही तेच सांगते. फक्त मी बाहेरच्या चोरासाठी सगळी दारं लावत बसले, आणि आत आईला "कशी आहेस?" एवढं विचारायचं राहून गेलं. ते मनाला अजून लागतं.

डॉक्टरांनी विचारलंच, "मशीन किसने बंद किया?"

आई शांतपणे म्हणाली, "हैकर था, डॉक्टर साहब. घर का ही निकला."

मशीन आता परत पलंगाशेजारी आहे. रोज ऑफिसातून आले की आईच्या खोलीत जाते आणि आधी तब्येत विचारते. ती उत्तर देते, छान हसते, "बस ना" म्हणते. पण मी बसेपर्यंत तिचा एक हात त्या मशीनवर असतो.