पहिल्या पानावर कोणाचं नाव

आमची खानावळ माधव नगरात होती आणि ती आई चालवायची. पाटीवर मात्र आजोबांचं नाव होतं. आजोबा रेल्वेच्या नोकरीसाठी खानदेशातून उज्जैनला आले होते, आणि जन्मात त्यांनी स्वतःचा चहासुद्धा कधी केला नाही. तरी पाटी त्यांची! महाकालाच्या दर्शनाला आलेली मराठी मंडळी पुरी-भाजी खाऊन कंटाळली की रिक्षावाले त्यांना आमच्या दारात आणून सोडत. मग आई त्यांना वरणभात वाढायची, वर लिंबाची फोड.

तेव्हा फ्रीगंजात जिकडेतिकडे कॉम्प्युटर क्लास निघाले होते. त्यातल्या एकात मी जात होते. आमचे सर एकच गोष्ट घोकून घ्यायचे, "पहले कागज पे बनाओ. कौन आएगा, क्या ढूँढेगा, सोचो. फिर मशीन को हाथ लगाओ." मला हे फार पटलं. खानावळीची वेबसाइट करायची म्हणून मी जुन्या कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानावर चौकोन काढले. पहिलं पान, जेवण, यायचा रस्ता, फोन.

आई पदराला हात पुसत मागे येऊन उभी राहिली. "ह्यात माझं नाव येईल का गं?" म्हणाली, आणि स्वतःच हसली. "की फालतूपणा आहे आपला?"

"येईल म्हणजे? पहिल्या पानावर, सगळ्यात वर!"

"फार मोठं नको हं," ती म्हणाली. पण नाव नेमकं कुठे येणार ते तिने मला बोटाने दाखवायला लावलं. लग्नानंतर कशाकशावर आपलं नाव आलं होतं, हे बहुतेक ती आठवत असावी. रेशन कार्डापलीकडे मलाही काही सुचलं नाही.

बाबा म्हणाले, "छान आहे. पण मोठ्या काकांना दाखवल्याशिवाय पुढे जायचं नाही."

काकांचा खानावळीशी संबंध एवढाच, की रविवारी ते पुरणपोळी खायला यायचे. त्यांनी चष्मा लावला आणि पहिलाच प्रश्न टाकला, "गणपती कुठाय?" गणपती आला. त्याच्याखाली कुलदैवत आलं. मग आजोबांचे कृपाशीर्वाद आले, मग वयाच्या क्रमाने सगळ्यांची नावं, आणि खाली 'आपले विनीत'. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. आमच्या घराने आजवर छापायला म्हणून एकच वस्तू आखली होती, ती म्हणजे लग्नपत्रिका. आताही ते लग्नपत्रिकाच आखून राहिले होते! इंदूरहून आत्याचा फोन आला, जावयाचं नाव नाही म्हणून. बाबांना राग आला, कारण घर त्यांचं आणि नाव तिसऱ्या ओळीत. आई होती त्यात, नाही असं नाही. बाबांच्या नावाआधी जे 'सौ.' असतं, तेवढी होती.

मी ओरडले, "अहो, लग्न कोणाचं आहे इथे? स्वयंपाक कोण करतं ते तरी लिहा!"

"हिला कॉम्प्युटर काय शिकवला, ही तोंड वर करून बोलायला लागली," काका म्हणाले. ते उठून गेले आणि पुढचे काही रविवार फिरकले नाहीत. दोघे सख्खे भाऊ, बोलणं बंद.

शेवटी आईच पुरणपोळ्यांचा डबा घेऊन त्यांच्याकडे गेली. परत आली आणि म्हणाली, "मिटलं बाई सगळं. कोणाचंच नाव नको. नुसतं 'घरगुती मराठी भोजन' लिही."

"आणि तुझं?"

"माझं काय घेऊन बसलीस? माझं एकटीचं ठेवलं तर पुन्हा सगळे रुसतील. जाऊ दे ना, एवढ्याशासाठी काय झंझट."

मी रडले, भांडले. अजून आठवलं की वाईट वाटतं, आणि रागही येतो. कोणावर म्हणून काढू तो? कोणी दुष्ट नव्हतं आमच्याकडे. कोणाचा मान जाऊ नये एवढीच सगळ्यांची धडपड होती, आणि आईला तर मानपान कशाशी खातात तेही कधी कळू दिलं नव्हतं. ती कणीक मळत बसली आणि मी कागदावरच्या सगळ्यात वरच्या ओळीवर रेघ मारली.

वेबसाइट झाली. "प्लानिंग हो तो ऐसी," म्हणत सरांनी ती अख्ख्या क्लासला दाखवली.

मग एका दुपारी पुण्याहून फोन आला. आईने पिठाच्या हातानेच उचलला. "हो का? कॉम्प्युटरवर बघितलंत?" तिचा चेहरा असा खुलला की मी वाचत होते ते बाजूला ठेवलं. "या ना, सगळे या. हो, अगदी घरच्यासारखं. थालीपीठ पण करते." पलीकडून काहीतरी विचारलं गेलं.

"मी होय? मी... मी इथेच असते," ती म्हणाली. "थांबा हं, मालकांना देते." आणि रिसीव्हर बाबांच्या हातात देऊन ती आत गेली.