भर रस्त्यातल्या गप्पा

मलकापुरात दोन ऑटोवाले समोरासमोर आले की भर रस्त्यात ऑटो थांबवून बोलणारच. मागे कितीही हॉर्न वाजोत. माझं डोकं फिरायचं. आमच्या गल्लीतल्या ऑटोवाल्या काकांना तर मी रोज सुनवायची, "काका, रस्ता बापाचा हाय काय?" ते हसून म्हणायचे, "झालं वो पोरी, एकच गोष्ट राह्यली."

याच ऑटोंच्या टपांवर आम्ही आमच्या वायरलेसच्या डब्या बसवल्या होत्या. आम्ही म्हणजे मी आणि माझा कॉलेजातला मित्र. एवढीच आमची कंपनी. कुणी खड्ड्याचा, कचऱ्याचा फोटो तक्रार म्हणून जवळच्या डबीत टाकायचा; दोन गाड्या जवळ आल्या की एका डबीतला फोटो दुसरीत जायचा आणि असा हातोहात, मोबाइलच्या नेटवर्कशिवाय, नगरपालिकेत पोचायचा. कागदावर झकास! प्रत्यक्षात गाड्या सर्रकन निघून जात आणि फोटो अर्धाच राही. नगरपालिकेची चाचणी फसली असती तर आमचं दुकान बंद आणि मी परत पुण्याला, नोकरीत. मला जायचं नव्हतं. हे माझ्या गावातच करून दाखवायचं होतं.

एकदा अशाच गप्पांमागे स्कूटीवर चरफडत अडकले होते. सहज मोबाइलवर पाहिलं, तर समोरच्या दोन ऑटोंच्या डब्यांमधून अख्खे फोटो पार होत होते. मी तिथूनच मित्राला फोन लावला. "पळत्या गाडीचा नाद सोड बे! थांबलेली धर!"

आम्ही प्रोग्राम बदलला. पळत्या गाडीला छोटा निरोप, फोटो मात्र थांबलेल्या गाडीलाच.

चाचणीच्या दिवशी नगरपालिकेच्या साहेबांनी मार्केट यार्डात माझ्या मित्राकडून आपलाच फोटो काढून डबीत टाकायला लावला. "मी ऑफिसात पोचायच्या आत हा तिथे दिसला पाहिजे," असं म्हणून ते त्याला घेऊन गाडीत बसले. इकडे ऑफिसात पडद्यासमोर मी एकटी. पडदा कोरा.

आणि फोटो उमटला! साहेब, मिशीसकट!

खरे साहेब बऱ्याच वेळाने आले, ते तणतणतच. "दोन ऑटोवाले रस्ता अडवून बोलतच बसले!" मी पडद्याकडे बोट दाखवलं. ते बघत राहिले, मग खो खो हसले. "गावभर बसवा," म्हणाले.

संध्याकाळी घरी जाताना गल्लीच्या तोंडाशी काकांचा ऑटो आडवा. दुसऱ्या ऑटोवाल्याशी गप्पा रंगलेल्या. मी स्कूटी बंद केली. काकांनी मान बाहेर काढली. "काऊन वो पोरी, आज बोंबलून नाई राह्यली?"

"बोला काका, निवांत बोला."

मागून कुणीतरी हॉर्न दाबला. मी वळून त्यालाच झापलं.