आधी चुकीचं, मग बरोबर

मास्तरांची शिकवण्याची एक पद्धत होती. गोल्फ शिकायला कोणी नवीन आलं, की ते आधी त्याला मनासारखे पाच-सहा चेंडू मारू द्यायचे. बाजूला हाताची घडी घालून बघत राहायचे. मग काठी हातात घेऊन त्याच माणसाची हुबेहूब नक्कल करायचे. खांदा कुठे अडतो, गुडघा कुठे कोसळतो, मान कशी बाहेर येते, सगळं. समोरचा हसायचा आणि हसता हसता त्याला स्वतःची चूक दिसायची. त्यानंतर मास्तर बरोबर स्विंग करून दाखवायचे. आधी चुकीचं, मग बरोबर. तीसेक वर्षं हाच क्रम होता.

सरावाच्या मैदानाच्या टोकाला चेंडू धुण्याची खोली होती. तिची मागची भिंत चुन्याची, आणि मास्तरांचा निम्मा धडा त्या भिंतीपाशी व्हायचा. भिंतीकडे पाठ करून, चार बोटं अंतर ठेवून, कमरेत थोडं वाकून उभं राहायचं. हात छातीवर. मागे वळलं, की उजवं बूड भिंतीला टेकलं पाहिजे. पुढे वळलं, की डावं. कंबर खरोखर फिरत असेल तरच दोन्ही टेकतात. नुसती बाजूला सरकली, तर एकही टेकत नाही.

"दार फिरतं, खण सरकतो," मास्तर म्हणायचे. "आपल्याला दार व्हायचंय."

तासाच्या शेवटी पॅन्ट तपासली जायची. दोन्ही बाजूंना पांढरं लागलेलं असेल तर शाबासकी. मोठमोठे हुद्देवाले लोक मास्तरांकडे पाठ करून निमूट उभे राहायचे.

"शरीराला चूक-बरोबर कळत नाही," हे त्यांचं दुसरं वाक्य. "किती वेळा केलं, तेवढंच कळतं."

दातांचे डॉक्टर अकरा वर्षं येत होते आणि अकरा वर्षं स्वच्छ पॅन्टने घरी जात होते. लोकांच्या तोंडात डोकावून डोकावून त्यांचं अंग उजवीकडे कलतं झालं होतं. काठी मागे नेली, की कंबर उजवीकडे सरकायची आणि तिथेच मुक्काम करायची. काठी चेंडूच्या आधी जमिनीवर आपटायची. मास्तरांनी काखेत टॉवेल धरायला लावला, खुर्चीच्या कडेवर बसवून नुसते खांदे फिरवायला लावले, छातीवर काठी आडवी धरून वळायला लावलं. शेवटी हात टेकले.

"मास्तर, पेशंटला मी सांगतो, दुखलं तर हात वर करा," डॉक्टर म्हणायचे. "तुम्ही हात वर करायचा नाही. सोसायचं."

पण डॉक्टरांना स्वतःची नक्कल फार आवडायची. "परत एकदा करा हो!" म्हणून ते हटून बसायचे. बाजूच्या चटयांवर सराव करणारे लोकही काठ्या ठेवून बघायला यायचे. मास्तर परत करायचे. उजवीकडे घसरणारी कंबर, तिथला मुक्काम, जमिनीवर धप्प, आणि मग चेंडूकडे बघून डॉक्टर करायचे तसं 'च्च'. बरोबरचा स्विंग बघायला तोवर कोणी थांबलेलं नसायचं.

गेल्या वर्षी डॉक्टर दवाखान्यातच खुर्चीवर बसल्या बसल्या गेले. नक्कल मात्र चालू राहिली. चहाच्या वेळी कोणीतरी म्हणायचंच, "मास्तर, डॉक्टर होऊन जाऊ द्या." आणि मास्तर काठी उचलायचे. त्यात त्यांना बरंही वाटायचं. मित्र म्हणावा असा तो एकच शिष्य होता.

या वर्षी मैदान दुसऱ्या मंडळींकडे गेलं. नव्या व्यवस्थापक बाईंनी सगळ्या शिक्षकांना बोलावून सांगितलं, की महिनाअखेरीला बाहेरून एक परीक्षक येतील, त्यांच्यासमोर प्रत्येकाने चेंडू मारून दाखवायचे, आणि त्यावरून कोण शिकवणार ते ठरेल. मास्तरांना काळजी वाटली नाही. लांबू तेवढा घाबरला. लांबू म्हणजे त्यांच्याच हाताखाली शिकून शिक्षक झालेला उंच तरुण.

"तुला काय झालंय?" मास्तर त्याला म्हणाले. "तुझी कंबर मी घडवलीय."

घरी ही बातमी सांगितली, तेव्हा बायको कपडे वेगळे करत होती.

"परीक्षेला ही राखाडी घाला," ती म्हणाली. "हल्ली तुमच्या पॅन्टी धुवायला काही कष्टच नाहीत. पूर्वी मागचा चुना घासून घासून माझे हात जायचे."

"म्हणजे?"

"म्हणजे लागतच नाही. कित्येक दिवसांत नाही. मला वाटलं, भिंत रंगवली असेल."

भिंत रंगवलेली नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मैदान उघडायच्या आधी मास्तर भिंतीपाशी गेले. चार बोटं अंतर, कमरेत वाक, हात छातीवर. मागे वळले, पुढे वळले. हात मागे नेऊन पॅन्ट चाचपली. हाताला काही लागलं नाही. पुन्हा वळले. शिष्यांना दाखवताना आपण टेकतोय असं त्यांना नेहमी वाटत आलं होतं. पाठीमागे बघण्याची वेळ कधी आली नव्हती. त्यांची पॅन्ट तपासणार कोण?

त्या दिवसापासून त्यांनी स्वतःची शिकवणी सुरू केली. काखेत टॉवेल झाला. खुर्ची झाली. खांदे वळत होते, कंबर ऐकत नव्हती. ते हाडांच्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी एक्स-रेचा फोटो उजेडासमोर धरला आणि म्हणाले, "या वयाला इतके चांगले सांधे मी क्वचित पाहतो." मास्तर तोंड पाडून बाहेर आले. दुखणं निघालं असतं तर निदान त्याला नाव असतं.

एका संध्याकाळी ते पॅन्टच्या मागे चुना घेऊन घरी आले. बायकोने त्यांना उजेडाकडे वळवलं.

"हे वळून लागलेलं नाही," ती म्हणाली. "हे टेकून बसल्यावर लागतं तसं आहे. एकसारखं."

मास्तरांनी बूड मुद्दाम मागे नेलं होतं.

"मला सांगा काय करायचं ते," ती म्हणाली.

"माझं डोकं धर. हलू द्यायचं नाही."

स्वयंपाकघरातलं टेबल भिंतीकडे सरकवलं. ती त्यांच्यासमोर उभी राहिली आणि कपाळावर तळहात दाबून धरला. त्यांनी लाटणं छातीवर आडवं धरलं आणि सावकाश मागे वळले. कपाळ तिच्या तळहाताखालून उजवीकडे निसटलं.

"अहो, सरकताय तुम्ही."

"तू घट्ट धर ना!"

"घट्टच धरलंय. आता काय खिळा ठोकू?"

पुन्हा केलं. पुन्हा निसटलं. तिसऱ्या वेळी ती खुदकन हसली.

"काय झालं?"

"काही नाही. हे तर दातवाले डॉक्टर. तुम्ही मला करून दाखवायचात ना, अगदी तस्सं. आता फक्त 'च्च' करायचं राहिलं."

मास्तर लाटणं धरून उभेच राहिले. तिच्या लक्षात आलं आणि तिचं हसू गेलं. तिने तळहात पुन्हा कपाळावर ठेवला, पण त्यांनी लाटणं खाली ठेवलं होतं.

अंगात काय मुरलंय ते आता त्यांना कळलं होतं, आणि त्याचा उपयोग काहीच नव्हता. चूक सुटी करायची, सावकाश मोडायची, बरोबर ते तिच्या जागी बसवायचं, हे ते आयुष्यभर दुसऱ्यांना सांगत आले होते. त्याला किती महिने लागतात तेही सांगत आले होते. त्यांच्याकडे आठवडा होता. ते रोज भिंतीपाशी जायचे. एखाद्या वेळी उजवीकडे किंचित चुना लागायचा, मग दोन दिवस नाही.

परीक्षेच्या दिवशी राखाडी पॅन्ट घालून ते चटईवर उभे राहिले. व्यवस्थापक बाई आणि परीक्षक खुर्च्यांवर होते. परीक्षक मोजकं बोलणारे, हातात काही न घेता नुसते बघणारे गृहस्थ. लांबूचे चेंडू आधीच होऊन गेले होते, छान गेले होते, आणि तो मास्तरांचे बघायला मागे थांबला होता.

मास्तरांनी काठी मागे नेली. कंबर उजवीकडे गेली आणि राहिली. धप्प. चेंडू थोडा गडगडला आणि थांबला.

मागून लांबूचा मोठा हसण्याचा आवाज आला. "डॉक्टर! अगदी डॉक्टर!" मग परीक्षकांकडे वळून तो कौतुकाने म्हणाला, "यांची पद्धतच आहे साहेब. आधी चुकीचं करून दाखवतात."

परीक्षक प्रथमच हसले. बाईही हसल्या. "छान," बाई म्हणाल्या. "आता बरोबरचं दाखवा, मास्तर."

मास्तरांनी दुसरा चेंडू ठेवला. सगळे हसऱ्या चेहऱ्यांनी बघत होते. काठी मागे गेली. धप्प. या वेळी लांबू थोडं कमी हसला. तिसऱ्याला कोणीच हसलं नाही. परीक्षकांनी पायावरचा पाय खाली घेतला.

"मास्तर, पुरे आता," लांबू दबक्या आवाजात म्हणाला. "नीट मारा ना. ते थांबलेत."

"अरे, हेच आहे," मास्तर म्हणाले.

"म्हणजे?"

"दुसरं नाहीये."

उरलेले चेंडू त्यांनी मारले, कारण मारायचे होते.

बाईंनी त्यांना काढलं नाही. जुने आहात, म्हणाल्या, आणि चेंडू धुण्याची खोली त्यांच्याकडे दिली. टोपल्या गोळा करायच्या, चेंडू यंत्रात टाकायचे, फुटके वेगळे करायचे. शिकवणी लांबूकडे गेली. पहिले काही दिवस लांबू त्यांच्याकडे बघणं टाळत होता. भिंतीच्या एका बाजूला मास्तर चेंडू धूत, दुसऱ्या बाजूला लांबूचा आवाज येई: "दार व्हायचंय, दार."

मग एका सकाळी तो दारात आला.

"मास्तर, जरा येता? एक बाई आल्यात. कंबर सरकतेय आणि त्यांना पटतच नाहीये. मला काही तुमच्यासारखं जमत नाही. तेवढं चुकीचं दाखवा."

मास्तरांनी हात पुसले. बाहेर जाऊन त्या बाईंचे दोन चेंडू पाहिले, त्यांची काठी मागून घेतली आणि वळले.

"अय्या, मीच!" बाई म्हणाल्या आणि तोंडावर हात घेऊन हसल्या. "मी अशी दिसते?"

"आता बरोबरचं बघा," म्हणत लांबूने काठीसाठी हात पुढे केला. मास्तरांनी ती दिली आणि खोलीत परत गेले.

आता आठवड्यातून दोनदा-तीनदा बोलावणं येतं. नवीन लोकांना वाटतं, हे मास्तर लांबूसरांचे नकलाकार आहेत. घरी बायको पॅन्ट उलटून न बघता भिजत टाकते. संध्याकाळी कधी मास्तर स्वयंपाकघरातलं टेबल भिंतीकडे सरकवतात. ती गॅस बारीक करते, हात पुसते आणि काही न विचारता त्यांच्या कपाळावर तळहात ठेवते.

"धरलंय," ती म्हणते.