गार्डाच्या डब्याचा लाल दिवा

माझी गाडी न पडता दहा फेऱ्या कधी धावली नाही. हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर मी कुणी मोठा कारागीर होतो असं वाटायचं. मी भंडारा जिल्ह्यातल्या एका कारखान्यात कामगार होतो. तिथं स्फोटक माल बनायचा. कारखान्याचं नाव घेत नाही, नाव घेऊन सांगावं असं मी तिथं काही केलेलं नाही.

आणीबाणी उठून दोन-तीन हिवाळे गेले होते. आम्ही नवरा-बायको कॉलनीतल्या दोन खोल्यांच्या क्वार्टरमध्ये राहत होतो, पोरबाळ नव्हतं, आणि मला पस्तिसाव्या वर्षी आगगाडीचा नाद लागला होता. माझं गाव छोट्या लाइनीवरचं. लहानपणी गोंदियाकडून येणारी ती छोटी गाडी धानाच्या बांध्यांमधून जाताना रोज पाहायचो, तीच मला घरात पाहिजे होती. इंजिन नागपूरहून आणलेलं, चावीचं. बाकी सगळं हातचं. डालड्याचा पत्रा कापून केलेले रूळ, बांबूच्या कामट्यांचे स्लीपर, रिकाम्या काडेपेट्यांचे डबे, अन् चाकं म्हणून कोटाची बटनं. एवढा बाप्या माणूस जमिनीवर पालथा पडून आगगाडी खेळतो हे सेक्शनमध्ये कळलं तर जगणं मुश्कील झालं असतं. म्हणून मी खिडक्या लावून गाडी चालवायचो.

अपघातांना तोटा नव्हता. काडेपेट्या मी मैद्याच्या खळीनं चिकटवायचो. पावसाळ्यात मुंग्यांनी ती खळ आतून खाऊन टाकली. बाहेरून गाडी धडधाकट. चावी दिली तसे पाचही डबे वळणावर उकलून पडले. एकदा उंदरानं अर्धा हात रूळ उचकटला. एकदा सासरे जेवायला बसले असताना इंजिन रूळ सोडून सरळ त्यांच्या ताटात शिरलं आणि भातातच त्याची चाकं फिरत राहिली. सासऱ्यांनी ताट बाजूला सारलं आणि माझ्या बायकोला विचारलं, "जावई कामाले जाते का नाई?"

असले अपघात मला आवडायचे. खरं सांगतो, गाडी पडली की मला जास्त मजा यायची. पडलेली गाडी उभी करता येते.

त्या हिवाळ्यात मी गार्डाचा डबा केला. गाडीच्या शेवटच्या डब्याला मागे लाल दिवा लागतो. तो दिसला नाही तर ठेसनवाले गाडी पुरी आली असं मानत नाहीत. दिवा कशाचा करायचा? मी माचिसची एक काडी घेतली आणि डब्याच्या मागच्या बाजूनं अशी खोवली की तिचं लाल डोकं तेवढं बाहेर राहावं. बाकीच्या डब्यांच्या आसांना मी काड्याच वापरायचो, पण त्यांची डोकी तोडून. ही एकच काडी साबूत होती. इतका हुबेहूब दिवा दिसत होता की मी स्वतःवरच खूश झालो.

बायको म्हणाली, "कापूस कुंकवात बुडवून लावा ना. काडी कायले?"

"कापूस दिव्यासारखा दिसत नाही," मी म्हणालो. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

शेजारच्या क्वार्टरमधला माणूस माझ्याच सेक्शनला होता. वयानं माझ्याहून लहान, पण मी त्याला भाऊ म्हणायचो आणि तोही मला भाऊ. गाव एकोडी. बाप दुसऱ्याच्या बांधीत धानाच्या रोवणीला जाणारा. तो लहान असतानाच घरच्यांनी बौद्ध धम्म घेतलेला. हा शिकला आणि घराण्यात पहिला पगारदार झाला. अजून टेम्परवारी होता, उन्हाळ्यात पक्का होणार होता. हसायचा कमी. नवरा-बायको, पाच वर्षांची पोरगी आणि नुकता रांगायला लागलेला पोरगा. माझ्या घराबाहेर माझी गाडी ठाऊक असलेली एवढीच माणसं. त्याची बायको मला ठेसन मास्तर म्हणून चिडवायची आणि पोरगी रेलवाले काका म्हणायची.

आमच्या कारखान्यात रोज सकाळी गेटवर झडती असायची. माचिस, बिडी, लायटर, जे असेल ते बाहेरच्या फळीवर ठेवायचं आणि हात वर करून उभं राहायचं. आत एक काडी जरी गेली तरी शंभर माणसांच्या जिवाशी खेळ, हे कुणाला समजावून सांगावं लागत नव्हतं. माझ्या या शेजाऱ्यानं जन्मात बिडी ओढली नव्हती. तरी तो घरून निघताना शर्टाचे अन् पँटचे खिसे उलटे करून पाहायचा आणि गेटच्या अलीकडे सायकल थांबवून पुन्हा एकदा पाहायचा. मी एकदा हसलो.

तो म्हणाला, "तुमच्या खिशातून माचिस निघाली तर माचिसच निघते, भाऊ. माह्या खिशातून निघाली तर आमची सारी जात निघते."

मी पुढे हसलो नाही. पण ते वाक्य मी डोक्यातही ठेवलं नाही, ठेवायला पाहिजे होतं.

त्याच्या पोरीला ताप आला होता. चार दिवस अंथरुणात पडून होती, तोंड सुकून गेलं होतं. मी भेटायला गेलो तर म्हणाली, "काका, लाल दिव्व्याचा डबा द्या ना मले, एकच दिवस." मी घरी आलो, गार्डाचा डबा उचलला आणि तिच्या हातात नेऊन दिला. काडी काढून घ्यावी असं मनात आलंसुद्धा नाही. स्फोटकांच्या कारखान्यात दहा वर्षं घालवलेला माणूस मी.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिचा भाऊ रांगत रांगत तो डबा तोंडात घालायला आला. तिनं तो लपवला. कुठं, तर खुंटीवरच्या बापाच्या स्वेटरच्या खिशात. स्वेटर नवीन होतं, तिच्या आईनं त्याच हिवाळ्यात विणलेलं, अन् हौसेनं दोन खिसे लावलेले. थंडी कडाक्याची होती. त्यानं नेहमीसारखे शर्टाचे खिसे पाहिले, पँटचे पाहिले, आणि मग वरून स्वेटर चढवलं. गेटच्या अलीकडेही तेच खिसे पाहिले, कारण त्याच्या स्वेटरला आजवर कधी खिसे नव्हते.

रांगेत मी त्याच्या मागेच होतो. झडतीवाल्यानं स्वेटर चाचपलं आणि डबा बाहेर काढला. बटनांची चाकं पाहून दोघं-तिघं हसले. झडतीवालाही हसला. मग त्यानं डबा उलटा केला, आणि त्याचं हसू गेलं.

"ये क्या है?"

"खेळणं आहे, साहेब. पोरीचं," तो म्हणाला. झडतीवाल्यानं काडी ओढून काढली, डब्याच्याच काडेपेटीच्या बाजूला लावून पाहिल्यासारखं केलं आणि शिट्टी वाजवली.

तेव्हा शेजाऱ्यानं वळून माझ्याकडे पाहिलं. मी त्याच्यापासून हातभर अंतरावर होतो. मी खाली वाकलो आणि चपलेचा पट्टा नीट करू लागलो. पट्टा नीटच होता. मी वर पाहिलं तेव्हा त्याला बाजूला नेलं होतं आणि मागचे लोक म्हणत होते, चला, पुढं चला.

संध्याकाळी तो माझ्या दारात आला. आत ये म्हटलं तर आला नाही, पायरीवरच उभा राहिला.

"साहेबानं विचारलं, कोणं बनवलं. मी म्हटलो, शेजाऱ्यानं. नाव विचारलं तर म्हटलो, तो स्वतः येऊन सांगल."

"नाव का नाही सांगितलं?" मी विचारलं. असं विचारायला जीभ कशी रेटली कोण जाणे.

"मी नाव घेतलो असतो तर तुमाले बोलावले असते. घाबरून तुमी नाई म्हटले असते, तर मी खोटा पडलो असतो. माह्या बोलण्याले तिथं काय वजन आहे? तुमी आपल्या मनानं कागद दिला तर गोष्ट वेगळी. शनिवारपर्यंत थांबतो म्हणे साहेब." मग तो म्हणाला, "तुमी पक्के आहा, भाऊ. तुमची एखादी वाढ थांबल. माही नोकरीच जाऊन राहिली."

"उद्याच देतो," मी म्हणालो.

आणि कागद मी लिहिलासुद्धा. जेवण झाल्याबरोबर बसलो. डबा मी बनवला, काडी मी लावली, मुलीच्या हातात मीच दिला, तिच्या बापाला यातलं काही ठाऊक नव्हतं. खाली सही. बायकोनं वाचला आणि म्हणाली, "बरोबर आहे. सकाळी पहिलं काम हेच करा."

सकाळी कागद शर्टाच्या खिशात घालून गेलो. गेटवर झडतीवाल्याचा हात खिशावर आला. त्यानं कागद काढला, कागदच आहे असं पाहिलं आणि परत खिशात सरकवून दिला. कागदाला मनाई नव्हती. आत गेलं की डावीकडे साहेबाचं ऑफिस, पन्नास पावलांवर. उजवीकडे आमचं सेक्शन. मी उजवीकडे वळलो. म्हटलं, जेवणाच्या सुट्टीत देऊ.

सुट्टीत कँटीनमध्ये तीच गोष्ट चालली होती. एक जण म्हणाला, "या लोकायले सरकार नोकऱ्या देते, अन् हे माचिस घेऊन येतात." चार-पाच जणांनी माना हलवल्या. माझ्या खिशात कागद होता. मी मूग गिळून बसलो. मूग कसले, पोळी खात बसलो, आणि सगळी संपवली.

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच. रोज झडतीवाला कागद काढायचा, रोज परत ठेवायचा. बायको म्हणाली, "तुमच्यानं होत नसल तर मले द्या, मी नेऊन देतो." मी म्हणालो, उद्या. पलीकडच्या क्वार्टरमधून आवाज येईनासा झाला होता, पोरीचासुद्धा.

मला भीती वाटत होती. नोकरीची वाटत होती, अन् सेक्शनमध्ये हसतील याचीही वाटत होती. त्यातली मोठी कोणती हे मी आजही छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही, आणि याचीच मला सर्वात जास्त लाज वाटते.

शनिवारी मी ऑफिसच्या दारापर्यंत गेलो. साहेब फोनवर होते. शिपाई म्हणाला, बसा. मी बाकावर बसलो. पाच मिनिटं झाली असतील. कामाचा भोंगा झाला. मी शिपायाला म्हणालो, नंतर येतो. तो म्हणाला, बरं. कुणीही मला अडवलं नाही.

सोमवारी त्याला काढल्याचा कागद निघाला. त्यात असंही होतं म्हणे, की विचारल्यावर त्यानं खोटी माहिती दिली, कारण त्यानं सांगितलेला शेजारी काही आला नाही.

आठ दिवसांत क्वार्टर खाली करायचं होतं. एकोडीच्या बाजूला जाणारा एक रिकामा ट्रक मिळाला. सामान चढवून झालं तेव्हा तो पोरीला कडेवर घेऊन माझ्या दारात आला. या वेळी आत आला.

"रेल पाहतो म्हणते," तो म्हणाला. "दाखवून द्या एकदा."

मला वाटलं होतं शिव्या देईल, कॉलर धरील. मी त्याची तयारी करून ठेवली होती. याची केली नव्हती. मी खिडक्या लावायला उठलो, मग तशाच उघड्या ठेवल्या. रूळ जोडले, डबे लावले, चावी दिली. गाडी रुळावर नीट बसली. ती निघाली. वळण घेतलं, खाटेखालून गेली, धानाच्या पोत्याला वळसा घालून परत आली. पोरगी उकिडवी बसून पाहत होती.

"काका, लाल दिव्वा?"

"साहेबाकडं आहे," मी म्हणालो.

गाडी फिरतच होती, पडत नव्हती. पडली असती तर बरं झालं असतं, मला वाकून काहीतरी करता आलं असतं. मी तसाच बसून राहिलो. तेवढ्यात त्याची नजर माझ्या शर्टाच्या खिशाकडे गेली. इतक्या दिवसांत कागद तिथंच राहिला होता, घड्यांवर मळून गेला होता. त्यानं हात पुढे केला आणि दोन बोटांनी तो काढून घेतला. मी अडवलं नाही. त्यानं उलगडला, पहिल्या ओळीपासून सहीपर्यंत सावकाश वाचला. माझी बायको दारात पदर तोंडाला लावून उभी होती.

वाचून झाल्यावर त्यानं कागदाची पुन्हा तीच घडी घातली आणि माझ्या खिशात ठेवून दिला.

"अक्षर चांगलं आहे तुमचं," तो म्हणाला.

त्यानं पोरीला उचललं आणि तो गेला. ट्रक सुरू झाल्याचा आवाज आला. इंजिनाची चावी अजून संपली नव्हती.

मी नंतर पंधरा-सोळा वर्षं त्याच गेटातून कामावर गेलो. झडतीवाल्याचा हात रोज सकाळी त्या खिशावर यायचा, काही सापडायचं नाही, आणि तो मला आत सोडायचा.