शेणखताचं अनुष्ठान

चहा आधी संपवा बरं. हा किस्सा ऐकल्यावर माझ्या घरचा चहा तुमच्या घशाखाली उतरेल की नाही, शंकाच आहे!

मी शेतात शेणखत पसरवायची यंत्रं बनवतो. हो, चांगला शिकूनसवरून! आमची ही म्हणते, "तुम्ही फाटकात आलात की माशा आधी वर्दी देतात." काय बोलणार? खरंच आहे.

ट्रॅक्टरमागे गाडा, गाड्याच्या मागे गरगर फिरणारी पाती. पाती खत फेकतात. ते डावीउजवीकडे सारखं पडलं पाहिजे, एवढंच. ह्या 'एवढंच'पायी माझी कंबर गेली, झोप गेली, डोक्यावरचं तर केव्हाच गेलं.

चाचणी अशी असते. शेतात स्टीलचे ट्रे एका ओळीत मांडायचे, त्यांवरून खत उधळत गाडा न्यायचा, मग एकेक ट्रे तोलायचा. वारा अजिबात नको, म्हणून पहाटेच! झाँसीत नगरा भागात आमचं घर. तिथून डोळे चोळत निघायचं आणि बरुआसागरच्या अलीकडे, रस्त्याला लागून घेतलेल्या शेतात उभं राहायचं. वारा बघायला उदबत्ती पेटवायची. धूर सरळ वर गेला की ट्रे मांडायचे. मग मी आणि ट्रॅक्टरवाले लखन भैया पलीकडच्या टोकाला गाडा भरायला जायचो.

पहिल्याच दिवशी रस्त्यावरून देवळात निघालेल्या एका म्हातारीनं विचारलं, "पंडितजी, कछु पूजा है का?"

आता आमचे पूर्वज इकडे भिक्षुकीला आले, म्हणून आम्ही सगळ्या मुलखाचे पंडितजी. मला साधी आरती धड येत नाही! पण त्या थंडीत शेणाचं शास्त्र कोण समजावत बसणार? म्हटलं, "हाँ अम्मा, वही समझ लो."

झोपेत होतो हो!

चाचणी झाली. डावीकडचे, म्हणजे रस्त्याकडचे ट्रे जड. दुसऱ्या दिवशीही तेच. पाती वाकवली, पत्रे बदलले, लखन भैयांना उगाच बोललो. रोज तोलायचं, ट्रे ढिगावर उपडा करायचा आणि कपाळाला हात लावायचा. खतात डोळे घालून कोण बघतो? शेवटी डावीकडे खत जवळजवळ पडूच नये अशी पाती वळवली, तेव्हा कुठे वजनं जुळली. असा आनंद झाला म्हणता!

मग मऊरानीपुरला शेतकऱ्यांपुढे प्रात्यक्षिक. शेजारी आमचे मोठे साहेब. यंत्र चाललं आणि उजवीकडे खताचा डोंगर, डावीकडे जमीन कोरडी ठणठणीत. एक शेतकरी गंभीरपणे म्हणाला, "काए साब, इतै को आधो खेत हमाओ नईं है का?"

साहेब तडक जीपमध्ये जाऊन बसले. तिथूनच म्हणाले, "परसों मैं खुद आऊँगा. नहीं जमा, तो मशीन कबाड़ में."

दुसऱ्या दिवशी पहाटे ट्रे मांडले आणि गाडा भरायला जायचं त्राणच उरलं नाही. लखन भैयांना एकट्याला पाठवलं आणि कडुनिंबाखाली टेकलो. बघतो तर काय, तीच म्हातारी आली! ट्रेमध्ये मूठभर गहू टाकले, हात जोडले. तिच्यामागे दुसरी, तिच्यामागे तिसरी. ट्रे अर्थात रस्त्याकडचे!

"अम्मा, ये क्या कर रही हो?"

"पिसी चढ़ा रए, पंडितजी. आपका अनुष्ठान चल रओ है न?"

पिसी म्हणजे गहू. रस्त्याकडचं रोजचं जादा वजन त्याचंच! माझ्या यंत्रात दोष नव्हताच! जे सरळ होतं, ते मीच वाकवत बसलो होतो.

मी रडकुंडीला येऊन सगळं सांगितलं. म्हातारीनं पदर तोंडाला लावला. "हाय दैया! तो इत्ते दिन से गोबर खों अगरबत्ती दिखा रए ते?"

"अम्मा, हाथ जोड़ता हूँ. गेहूँ मत डालो. इनमें गोबर पड़ना चाहिए. सब में बराबर."

"बस? जा बात पैलें काए नईं बताई?"

यंत्र कारखान्यात नेऊन संध्याकाळपर्यंत पाती पुन्हा सरळ केली. घरी येऊन न जेवता झोपलो.

परवाचा दिवस उजाडला. ट्रे मांडले, लखन भैयांना यंत्र आणायला कारखान्यात धाडलं आणि मी साहेबांना घ्यायला गेलो. परत आलो तर ओळीतला प्रत्येक ट्रे ताज्या शेणानं भरलेला! हातानं थापून, वर सपाट करून, अगदी काठोकाठ. रस्त्यापलीकडे म्हातारी आणि तिच्या सुना शेणाचे हात पुसत कौतुकानं बघत उभ्या.

साहेब वाकले. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत गेले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली.

"वाह! रत्ती भर फर्क नहीं! ऐसा काम मैंने आज तक नहीं देखा. मशीन कहाँ है?"

मी रस्त्याकडे बघितलं.

"सर... मशीन अभी आनी है."